जुनी पिकअप चढाला दम सोडते, तेव्हा दोष कुठे शोधायचा?

एप्रिल-मे महिन्यात रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरकडे निघालेल्या पिकअप आंबा घाटात पाहिल्या, की कोणती गाडी तब्येतीने चढतेय आणि कोणती कशीबशी रांगतेय ते लांबूनच कळतं. गेल्या हंगामात तिसऱ्या गिअरवर निघालेलं वळण यंदा दुसऱ्यावरही जड जातं. मागचे हॉर्न मारत राहतात. वर टपरीवर चहाला थांबलं की सल्ले सुरू होतात. एक म्हणतो डिझेलचा पंप गेला, दुसरा म्हणतो डिझेल फवारणारं नोझल, तिसरा हाफ इंजिनचा, म्हणजे इंजिन खोलून झिजलेले आतले भाग बदलण्याचा, खर्च सांगून मोकळा होतो.

या तिघांपैकी कुणीही बरोबर असू शकतो, पण तिघांनीही एक गोष्ट विचारलेली नसते: गाडी दम सोडते ती नेमकी कधी? गार असताना की गरम झाल्यावर? फक्त चढाला की सपाटीवरही? सुरुवातीपासून की वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर? हळूहळू महिनाभरात की काल अचानक? याची नीट उत्तरं असतील तर निम्मा शोध गाडीला हात लावायच्या आधीच संपतो. नसतील तर पंप उतरवून, नोझल बदलून, पैसे भरूनही गाडी तशीच रांगते.

हा लेख जुन्या डिझेल पिकअपबद्दल आहे. म्हणजे आपल्याकडे गावोगाव दिसणारी २५२३ सीसीची बोलेरो पिकअप, २९५६ सीसीची टाटा २०७ डीआय आणि त्यांच्या पिढीतल्या गाड्या. यात दोन जाती आहेत आणि आपली कोणती ते आधी ओळखायला हवं. बॉनेट उघडा. पंपातून चार बारीक लोखंडी पाइप निघून थेट चार नोझलना गेलेले असतील आणि नोझलवर वायरचं सॉकेट नसेल, तर गाडी जुन्या मेकॅनिकल पंपाची. त्याऐवजी एक जाड आडवा पाइप, त्यातून चारही इंजेक्टरना (म्हणजे तिथल्या नोझलना) फाटे, आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर वायर असेल तर ती कॉमन रेल. पहिलीची बरीचशी तपासणी पाना, कान आणि नाक यांवर होते. दुसरीला स्कॅनर लागतो, पण फक्त स्कॅनरवर भागत नाही.

आधी इंजिनाला निर्दोष सोडा

ताकद कमी वाटते म्हणजे ती तयारच होत नाही असं नाही. कधी इंजिन पूर्ण ताकद देतं आणि ती चाकापर्यंत पोचत नाही, कधी चाकच तिला अडवून धरतं.

क्लचची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना एकदम पूर्ण रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि वेगाचा काटा जागचा हलला नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. चढाला जळका वास येत असेल तर शंकाच नको. अशा गाडीचे पंप-नोझल कितीही चकाचक करा, घाटात ती तशीच चालणार.

ब्रेकचं उलट असतं. दहा-बारा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या जवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट तापलेलं लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. जुन्या गाड्यांत हँडब्रेकची केबल गंजून अडकते किंवा व्हील सिलिंडर चिकटतो. डिझेलही जास्त लागतं, म्हणून लोक ॲव्हरेजसाठी इंजिनाला दोष देत राहतात. टायरची हवा हाही त्यातलाच प्रकार.

तिसरी गोष्ट मेकॅनिकल पंपाच्या गाडीची, आणि ती इतकी फुटकळ आहे की कुणी पाहतच नाही. इंजिन बंद ठेवून एकाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही पंपाजवळ वाका. पंपाच्या बाजूला केबल अडकवलेला एक लिव्हर असतो आणि त्याच्यासमोर एक स्टॉप स्क्रू. पेडल पूर्ण दाबलेलं असताना लिव्हर त्या स्क्रूला टेकलाच पाहिजे. मध्ये फट राहिली तर केबल ताणली गेली आहे, नाहीतर पेडलखाली जाड मॅट दुमडली आहे. ड्रायव्हर शपथेवर सांगेल की फुल रेस दिली होती, आणि पंपापर्यंत मात्र पाऊणच पोचलेली असते.

पंपावरच आणखी एक स्क्रू असतो, बहुतेक वेळा तार ओवून सील केलेला. तो जास्तीत जास्त किती डिझेल जावं ते ठरवतो. 'अर्धा फेरा देतो, गाडी उडेल' असं म्हणणारे मिस्त्री जागोजागी भेटतात. गाडी चार दिवस उडतेही. पण खरा दोष दुसरीकडे असताना वाढवलेलं डिझेल काळा धूर आणि उष्णता बनून बाहेर पडतं, आणि भरल्या लोडवर लांब चढाला ती उष्णता पिस्टनला खाते. दोष सापडेपर्यंत त्या स्क्रूला हात लावू देऊ नका.

धूर काय सांगतो

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा साधारण अठरा पटीने दाबतो, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडतो आणि आपोआप पेटतो. म्हणजे ताकदीसाठी चार गोष्टी जमून याव्या लागतात: पुरेशी हवा, पुरेसं आणि नीट फवारलेलं डिझेल, पक्कं कॉम्प्रेशन, आणि जळालेला धूर बाहेर जायला मोकळी वाट. चारांपैकी काय बिनसलंय याचा पहिला सुगावा सायलेन्सरच्या टोकाला मिळतो. त्यासाठी गाडी उभी करून रेस मारू नका, लोड असताना चढावर मागून दुसऱ्या गाडीतून कुणाला तरी बघायला सांगा.

काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण ते जाळायला हवा कमी पडतेय, नाहीतर फवारा बिघडलाय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही जाणारा, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. त्याचं कारण टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे असणं किंवा कॉम्प्रेशन कमी असणं. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल आणि धूर पांढरा असेल तर हेड गॅस्केटकडे बघा.

आणि धूर अजिबात वाढत नाही, फक्त ताकद नाही, असं असेल तर? माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी खूण आहे, कारण ती सरळ एका दिशेला बोट दाखवते. इंजिनाला डिझेलच पुरेसं मिळत नाहीये.

डिझेल अडतंय कुठे

फिल्टर बदलला म्हणजे हा भाग तपासून झाला असं समजलं जातं. प्रत्यक्षात टाकीपासून नोझलपर्यंत डिझेल बऱ्याच अरुंद जागांतून जातं. टाकीच्या आत जाळी असते. बॅरलमधून, कॅनमधून डिझेल भरलेल्या गाड्यांत तिथे वर्षानुवर्षांचा गाळ बसतो. टाकी अर्धी असताना गाडी ठीक चालते, खड्ड्यात आदळली किंवा चढाला टाकी कलली की गाळ हलतो, जाळीवर येऊन बसतो आणि गाडी मरते. पाच मिनिटं थांबलं की गाळ खाली बसतो आणि ती पुन्हा शहाण्यासारखी चालते. अशी गाडी गॅरेजमध्ये कधीच दोष दाखवत नाही.

टाकीचं झाकण हे दुसरं ठिकाण. डिझेल जसं कमी होतं तशी हवा आत यायला झाकणाला बारीक वाट ठेवलेली असते. ती धुळीने बुजली, किंवा मूळ झाकण हरवल्यावर कुठलंही बसवलं, की टाकीत ओढ तयार होते. वीस-तीस किलोमीटरनंतर गाडी दमायला लागली तर थांबून झाकण उघडा. 'सुस्स' करत हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी पळाली, तर खर्च फक्त झाकणाचा.

सगळ्यात चकवणारा दोष म्हणजे पंपाच्या आधीच्या पाइपला पडलेली बारीक चीर. गळत असेल तर डिझेल बाहेर दिसेल, ही समजूत इथे उपयोगी पडत नाही. पंप टाकीतून डिझेल ओढत असतो, म्हणून इंजिन चालू असताना त्या पाइपमधून डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवाच आत जाते. मिस्त्री याला 'एअर घेतेय' म्हणतात. सकाळी स्टार्टर बराच फिरवावा लागतो, चढाला धक्के बसतात, आणि हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारला की थोडा वेळ बरं वाटतं. शोधायला पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप जोडा आणि इंजिन रेस करून बघा. डिझेलचा रंग सलग दिसला तर ठीक. बुडबुड्यांची माळ पळताना दिसली तर मागे जात राहा: फिल्टरचा रबर वॉशर, पाइप जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर, क्लिपखाली चिरलेला रबरी पाइप, गंजलेला लोखंडी पाइप.

यावर जुन्या मिस्त्रींची एक परीक्षा आहे, मेकॅनिकल पंपाच्या गाडीसाठी. स्वच्छ डिझेलचा डबा पंपापेक्षा उंच, नीट बांधून ठेवायचा आणि त्यातून पाइप थेट पंपाला द्यायचा. रिटर्न, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारा पाइपही त्याच डब्यात. गाडी चढावर नेऊन बघायची. ओढायला लागली तर पंप आणि नोझल सुटले, दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात. तशीच रांगली तर पुढे बघा. पंप उतरवायचा निर्णय या परीक्षेनंतर घ्यावा, आधी नाही. डबा गरम सायलेन्सरपासून लांब असावा, हे वेगळं सांगायला नको.

फिल्टर काढलाच आहे तर त्यातलं डिझेल फेकू नका. काचेच्या बाटलीत ओतून अर्धा तास ठेवा. खाली पाण्याचा वेगळा थर दिसला तर नवा फिल्टर घालूनही उपयोग नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. पावसाळ्यात हे फार होतं. पाण्याने पंपाचे आणि नोझलचे गुळगुळीत भाग गंजतात आणि मग दुरुस्ती खरोखरच महागात जाते.

एखादं सिलिंडर कामच करत नसेल तर मेकॅनिकल पंपावर तेही पकडता येतं. आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला करायचा. चालू सिलिंडरचा नट ढिला केला की इंजिनाचा आवाज अडखळतो. ज्याचा ढिला करूनही फरक पडत नाही ते सिलिंडर आधीच मेलेलं. हा प्रयोग कॉमन रेल गाडीवर कधीही करायचा नाही. तिथल्या पाइपात दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल शरीरात घुसवते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतून हात सडू शकतो. अशी जखम झाली तर तासाभराची वाट न बघता दवाखाना गाठावा. गळती शोधायची तर पुठ्ठा धरावा, बोट नाही.

हवा: आत येणारी आणि बाहेर जाणारी

एक लिटर डिझेल पूर्ण जाळायला हिशेबाने दहा हजार लिटर हवा लागते. २५२३ सीसीचं इंजिन टर्बोशिवाय (टर्बो म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा) तीन हजार आरपीएमवर मिनिटाला साधारण पावणेचार हजार लिटर हवा ओढतं. ही सगळी एका एअर फिल्टरमधून येते, आणि आपल्या पिकअप वीटभट्टीवर, खडीच्या रस्त्यावर, ऊसतोडीत फिरतात. तेव्हा काळा धूर असेल तर पहिला फिल्टर. तो झटकून परत बसवण्यात अर्थ नाही. फिल्टरनंतरचा रबरी पाइपही दाबून बघा. आतून त्याचा थर सुटलेला असेल तर उभ्या गाडीत तो ठीक दिसतो आणि जोराने हवा ओढली की चपटा होतो.

उंचीचाही हिशेब असतो. महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटरवर, हवा कोकणातल्यापेक्षा साधारण एक अष्टमांश विरळ असते. बिनटर्बोच्या गाडीची ताकद तिथे तेवढ्याच प्रमाणात उतरते. तो दोष नाही आणि कुठलाही मिस्त्री तो दुरुस्त करू शकत नाही.

टर्बो असेल तर घाईने टर्बोच बदलू नका. टर्बोपासून इंटरकूलरकडे (दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या भागाकडे) आणि तिथून इंजिनाकडे जाणारे जाड होज आधी पाहा. सांध्यावर तेलकट काळा ओघळ दिसला तर तिथून दाबाची हवा निसटतेय. चढाला फुसफुस ऐकू येते, काळा धूर वाढतो, ताकद जाते, आणि दोष निघतो ढिल्या क्लॅम्पचा. मेकॅनिकल पंपाच्या काही टर्बो गाड्यांत टर्बोच्या दाबाची खबर पंपाला देणारी एक बारीक नळी असते. दाब वाढला की पंप जास्त डिझेल सोडतो. ती नळी तुटली किंवा पंपावरचा पडदा फाटला की टर्बो धडधाकट असूनही पंप डिझेल वाढवतच नाही. धूर नाही, आवाज नाही, आणि गाडी लोड घेत नाही. चार बोटं रबराच्या नळीपायी टर्बो बदललेली गाडी हे गॅरेजच्या दुनियेत काही नवल नाही.

ईजीआर व्हॉल्व असलेल्या गाड्यांत तो काजळीने उघडाच अडकला तर जळालेला धूर परत इंजिनात जातो आणि ताज्या हवेची जागा घेतो. काळा धूर, सुस्ती, खालच्या आरपीएमला विशेष. तो काढून साफ करता येतो. काही जण कायमचा पत्रा लावून बंद करतात. त्याने प्रदूषण वाढतं आणि तो कायद्यातही बसत नाही.

बाहेर जाणारी वाट सहसा विसरली जाते. सायलेन्सरच्या आतले पत्रे गंजून सुटतात आणि आडवे येऊन वाट बुजवतात. दगड लागून पाइप चेपतो. गाडी एका आरपीएमपर्यंत बरी जाते आणि पुढे कुणीतरी मागून धरल्यासारखी अडते. इंजिन गार असताना सायलेन्सरच्या आधीचा जोड ढिला करून छोटी फेरी मारा. कान किटतील, पण गाडी मोकळी पळाली तर उत्तर मिळालं.

कॉमन रेलची अडचण

या गाड्यांत काही बिनसल्याचं संगणकाला कळलं की तो इंजिन वाचवण्यासाठी स्वतःच ताकद कापतो. गाडी ठरावीक आरपीएमच्या वर जातच नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि चावी बंद करून परत चालू केली की काही वेळा ती पूर्ववत होते. अचानक आलेली, अचानक गेलेली सुस्ती बहुधा या जातीची. स्कॅनर लावावाच लागतो. पण कोड वाचून लगेच तो भाग विकत घेऊ नका. 'रेलमध्ये दाब कमी' असा कोड आला तर दाब मोजणारा सेन्सर बिघडलाच असं नाही. दाब खरोखरच कमी असेल, तर त्याचं कारण तुंबलेला फिल्टर, हवा घेणारा पाइप, पंपाचा मीटरिंग व्हॉल्व किंवा रिटर्नला जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर असू शकतो. शेवटच्यासाठी चारही इंजेक्टरच्या रिटर्नला छोट्या बाटल्या जोडून इंजिन चालवतात. एक बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर चोर तोच. वायरिंगही तपासा. उंदीर आणि पाणी यांनी जुन्या गाड्यांत सेन्सरपेक्षा वायरीच जास्त खाल्लेल्या असतात.

हाफ इंजिनवर येण्याआधी

वरचं सगळं निर्दोष निघालं तरच कॉम्प्रेशन. त्यातही आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट. गॅप कमी ठेवला तर टकटक थांबते आणि मालक खूश होतो, पण इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. गार असताना चांगली, गरम झाल्यावर ढिली अशी गाडी असेल तर फिलर गेज घालून कंपनीच्या मापाने टॅपेट लावून घ्या. पंपाचं टायमिंगही याच वेळी बघावं, विशेषतः पंप किंवा टायमिंगचं काम झाल्यानंतर सुस्ती सुरू झाली असेल तर.

मग गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. थोडी वाफ कुठल्याही जुन्या इंजिनातून येते. धुराचे भपके येत असतील, झाकण उडू पाहत असेल, डिपस्टिकच्या नळीतून ऑइल बाहेर पडत असेल तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारतेय, म्हणजे जळालेला गॅस पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली उतरतोय. तरीही नुसतं हे पाहून इंजिन खोलू नका, गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून कागदावर लिहून मागा. चांगल्या डिझेल इंजिनात ते साधारण २५ ते ३० बार असतं, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात मिळतो. एकच सिलिंडर खाली असेल तर त्याचा व्हॉल्व किंवा रिंग. शेजारचे दोन खाली असतील तर दोघांमधली हेड गॅस्केट, आणि त्याला हाफ इंजिन लागत नाही. चारही सारखेच उतरले असतील तर मात्र झीज खरी आहे.

अशा वेळी रिंगा बदलून भागवू असा सल्ला मिळतो. बोअर गेज लावून लायनरचं, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळीचं, माप घेतल्याशिवाय तो मान्य करू नका. लायनर अंडाकृती झिजलेला असेल तर नव्या गोल रिंगा त्यात नीट बसत नाहीत, गाडी थोड्याच दिवसांत परत ऑइल पिते आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.